मुराळ्याचं जेवण

रनाळ्यात हिलाल पाटलाच्या शेजारी पंगतीला बसायला कुणी राजी नसे. माणूस वाईट नव्हता. अडीनडीला बैलजोडी देई, कुणाच्या मयताला सगळ्यांच्या आधी पोहोचे. पण ताट समोर आलं की त्याची जीभ एका वेळी दोन कामं करायची, चव घ्यायची आणि लगेच सांगून टाकायची. वरण पातळ असलं तर यजमानाच्या तोंडावर विचारी, "विहीर जोडेच शे वाटस." जोडे म्हणजे जवळ. लग्नघरी पुरणात गूळ कमी पडला तर आचाऱ्याच्या आधी याला कळे, आणि मग साऱ्या मांडवाला. बायको तुळशीबाई म्हणायची, "देवनी यासले पोट दिनं, तेवढं बस होतं. जीभ कसाले दिनी?"

त्याची एकुलती एक लेक धनू नंदुरबारात मगन पाटलाच्या घरी दिलेली. खानदेशात लेक दिवाळीला एक वेळ नाही आली तरी चालतं, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यावीच लागते. निंबाला झोका बांधायचा, गौराई बसवायची, सासरचं जे काही मनात साठलं असेल ते झोक्यावर गाण्यातून ओतून टाकायचं, यासाठी माहेर असतं. मागच्या अखाजीला धनू आली नव्हती. सासूच्या पायाला सूज होती म्हणे. न्यायला गेलेला पुतण्या रिकामी गाडी घेऊन परतला, आणि मगन पाटलाचा निरोपही घेऊन आला, की पोरासोरांच्या हाती आम्ही सून देत नाही, बापाचे पाय दुखतात का?

या वर्षी तुळशीबाईनं झोका आधीच बांधून ठेवला होता. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "औंदा पोर नही उनी, तर मी चूल पेटावाव नही."

म्हणून हिलाल स्वतः मुराळी होऊन निघाला, आणि तिथंच पेच पडला. मुराळी म्हणजे माहेरून न्यायला आलेला माणूस. त्याला जेवू घातल्याशिवाय सून गाडीत बसवत नाहीत. मुराळी एरवी भाऊ असतो, त्यामुळे अडत नाही. पण बाप नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं अन्न तोंडात घालत नाही. धनूला अजून मूल नव्हतं. मुराळी म्हणून जेवणं भाग आणि बाप म्हणून जेवणं पाप. घरून शिदोरी बांधून न्यावी, तर व्याह्याच्या गावात फडकं सोडून बसणं म्हणजे त्या गावाला दुष्काळी म्हणण्यासारखं. हिलालनं वाटेत बैल हाकता हाकता तोड काढली. आधी गावात कुठंतरी पोटभर जेवायचं. व्याह्याकडे गेल्यावर म्हणायचं, जेवूनच आलो, भूक नाही. सुपारी खायची आणि लेकीला घेऊन निघायचं.

स्टेशनाजवळ प्रेमचंदची नवी खानावळ होती. तिथं पंगत नव्हती, पाट नव्हता. भिंतीत एक खिडकी आणि खिडकीला छातीएवढ्या उंचीवर जाड फळी. फळीमागे प्रेमचंद. पैसे आधी ठेवायचे, आतून ताट सरकत यायचं, ते आपणच उचलून बाकावर न्यायचं, आणि खाणं झालं की कोपऱ्यातल्या पाण्याच्या डोणीत आपणच टाकायचं. गाडीचे उतारू आणि कापसाच्या जिनातले मजूर तिथं खात. हिलाल फळीसमोर उभा राहिला आणि कुणीतरी पाय धुवायला पाणी देईल म्हणून वाट पाहू लागला.

"काय पाहतोस भाऊ? पैसे ठेव, ताट उचल," प्रेमचंद म्हणाला.

"वाढनारा कोठे शे?"

"वाढणारा लग्नात असतो. इथं लोकांची गाडी सुटते. चल, मागे माणसं आहेत."

हिलालनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट स्वतः उचललं. बाकावर बसून भाकरी मोडली. मोडली म्हणण्यापेक्षा उपटली. काठ कच्चा, मध्ये करपलेली, आणि सकाळपासून झाकून ठेवल्यानं घामेजलेली. भाजी वांग्याची होती असं बियांवरून कळत होतं. त्यानं डाळीचा घोट घेतला आणि तोंड तसंच धरून ठेवलं. डाळ गोड होती.

तो ताट घेऊन फळीशी आला.

"डाळमा गूळ कोन टाकं?"

"मीच टाकला. सुरतेचे उतारू असतात, त्यांना लागतो."

"मी काय सुरतथून उनू? मिरची दे."

"मिरची संपली."

"आनि ही भाकर. हिले घोडाना पायले ठोकी दी, सारंगखेडाना बजार लगून झिजाव नही."

"मग ठोक की," प्रेमचंद दुसऱ्याचं ताट सरकवत म्हणाला. "घोडा नसेल तर स्वतःच्या पायाला ठोक. घरी लवकर पोचशील, बायको गरम वाढेल."

बाकांवर हशा पिकला. हिलालच्या बोलण्यावर लोक नेहमी हसत; हिलालवर हसण्याची ही पहिलीच खेप. भर उन्हातून आलेला, पहाटेपासून उपाशी, हातात गोड डाळ.

"या गावमा अंडेर देनारा बाप आंधळा," तो साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. अंडेर म्हणजे लेक.

"तुमीन दिनी का?" बाकावरच्या एकानं विचारलं.

"दिनी. मगन पाटीलना घरमा. तठेबी तिले आसंच खावाडत व्हतीन."

आता मात्र कुणी हसलं नाही. हिलालनं उरलेलं ताट तसंच डोणीत टाकलं. दाराजवळ बसलेला एक सावळा, उंच गडी ताट अर्धं टाकून उठला, हात धुतले आणि उन्हात निघून गेला. हिलालला वाटलं, चला, या गावात चव कळणारा निदान एक तरी माणूस आहे. तो बैल जुंपायला गेला.

मगन पाटलाच्या ओट्यावर गावातले चार जण बसले होते. त्यांच्या मधोमध मगन, अंगात बंडी, हातात अडकित्ता. हिलालनं गाडी अंगणात घेतली तेव्हा त्याचे बैल धरायला जो गडी पुढं आला, तो तोच होता. मगनचा सालदार, रायसिंग. हिलालची त्याच्याशी नजर भिडली आणि कासरा हिलालच्या हातातच राहिला.

"या याही," मगन व्याह्याला म्हणाला. "जेवी उनात?"

"हा. जेवी उनू."

"पोटभर?"

"पोटभर."

मगननं सुपारी कातरली. "मन्हा गडी सांगस, तुमीन अर्धं ताट टाकी दिनं."

ओट्यावरचा एक म्हातारा खाकरला. हिलाल पायरीवरच उभा होता. त्याला बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

"आखो एक सांगस," मगन पुढं म्हणाला. "आमी तुमनी पोरले तसंच खावाडतस म्हने. भर खानावळमा, चार मानसंसमोर. खरं शे का?"

"भूकमा मानूस बोली जास."

"भूक कशी? पोटभर जेवनात ना?"

म्हाताऱ्यानं आता उघडच हसून घेतलं. हिलालची जीभ, जी कधी कुणाच्या बापाला भ्याली नव्हती, टाळूला चिकटून बसली. त्यानं दाराकडे पाहिलं. धनू उंबऱ्याच्या आत उभी होती. डोक्यावर पदर, पायाशी गाठोडं. गाठोडं बांधून तयार होतं. तिनं पदर सावरायला हात वर केला, तेव्हा बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरल्या. लग्नात याच बांगड्या कासारानं तेल लावून चढवल्या होत्या. खानावळीत तो रागानं बोलला होता. आपण बोललो ते खरंच असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मगनही दाराकडे बघत होता. "गाठोडं बांधी ठेयेल शे. लई जा. पन मन्हा घरथून मुराळी उपाशी जात नही. आठे बठानं, जेवानं, आनि या चार मानसंसमोर सांगानं, मगन पाटीलना घरनं अन्न कसं शे ते. नहीतर गाडी जशी उनी तशी चालनी जाई."

"मी बाप शे," हिलाल म्हणाला. "रीत तुमले ठाऊक शे."

"रीत नातू व्हस्तवरनी. दोन साल व्हयनात, नातू नही. तो काय मन्हा पोऱ्याना गुन्हा शे?"

जावई कापसाच्या कामाला सुरतेला गेलेला. त्याच्या नावानं बोलायला बाप होता, धनूच्या नावानं बोलायला तिचाही बाप होता, आणि तो गप्प उभा होता. दारातली धनू आत गेली. हिलालला वाटलं, रडायला गेली. पण ती परत आली ती ताट घेऊन. ओट्यावर पाट मांडला, ताट ठेवलं, तांब्या ठेवला. सासऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"बठा आबा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "माले घर येवानं शे."

हिलालनं पागोटं उतरवून बाजूला ठेवलं आणि बसला.

कळण्याची भाकरी होती, ज्वारी-उडदाची, तव्यावरून आत्ताच उतरलेली, वाफ सोडणारी. वांग्याचं भरीत, त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. पहिल्या घासालाच त्याला कळलं की आयुष्यात इतकं चांगलं तो क्वचितच जेवला असेल. पोट भुकेनं पुढं धावत होतं. आपण भराभर खातो आहोत हे चार जण पाहत होते.

"वाढा वाढा," मगन म्हणाला. "एक भाकर आखो. याही उपाशी शेत."

धनूनं वाढली. ती संपली तशी मगननं पुन्हा वाढायला लावली. हिलाल नको म्हणायला तोंड उघडी, तोवर मगन म्हणे, "आमना घरनं आवडत नही का?" मग तिसरी. चौथी अर्धी झाली तेव्हा हिलालचा श्वास वर चढला होता. मघाशी खानावळीत वाढणारा नाही म्हणून तो कुरकुरला होता. पण आग्रहानं माणसाला मारता येतं हे त्याला त्या ओट्यावर कळलं.

"आते सांगा. कसं शे?"

"चांगलं शे."

"बाबाले ऐकू येत नही," मगन मघाच्या हसणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट करून म्हणाला. "मोठ्यानं सांगा."

हिलालनं हात धुतले. तोंड पुसलं. उभा राहिला, आणि म्हाताऱ्याकडे नाही, मगनकडे बघून बोलला.

"चांगलं शे. मन्ही पोरना हातनं शे, ते चांगलंच व्हई."

"अन्न मन्हं शे," मगन म्हणाला.

"हात तिना शे. तुमना घरमा येवाना आगोदर शिकेल शे ती. आनि तिना मनगट मी देखा."

मगनचा अडकित्ता थांबला. चार जणांपैकी एकानं दाराकडे मान वळवली, आणि त्याच्या मागोमाग बाकीच्यांनीही. धनूनं हात पदराखाली घेतले. लेक न्यायचा शब्द मगननं दिलेला होता आणि तो चौघांनी ऐकला होता. मगननं हातानंच खूण केली, न्या.

रायसिंगनं बैल जुंपले. गाठोडं त्यानंच गाडीत टाकलं आणि कुणाकडे न पाहता मागे सरला. धनू चढली, मागच्या बाजूला, गावाकडे पाठ करून बसली. गाडी अंगणाबाहेर निघते तोच मगन ओट्याच्या कडेला आला.

"पुढला अखाजीले नातू व्हयना, तर जेवाले लाज वाटाव नही, याही."

धनूची मान खाली गेली. हिलालनं कासरा ओढला. बैल थबकले. गल्लीतली दोन-तीन माणसं दारात आली होती.

"पुढला अखाजीले मीच येसू," हिलाल म्हणाला. "आनि आठेच बठीसन जेवसू. नातू ऱ्हावो का नको ऱ्हावो. अखाजीनाबी आगोदर येसू, दिवाळीलेबी येसू. मन्ही पोर काय खाई ऱ्हायनी ते देखाले येसू."

त्यावर मगन काहीतरी बोलला, पण हिलालनं बैलांच्या शेपट्या पिळल्या होत्या आणि चाकांच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. वेशीपर्यंत धनू मागेच बसून होती. वेस ओलांडल्यावर ती गाठोडं ओढत पुढं सरकली आणि बापाच्या शेजारी येऊन बसली.