आपली चाळ सोडून

शिट्टी वाजली आणि माझे स्वयंसेवक आपापल्या घरी पळाले.

शहाडला नदीजवळच्या दोन बैठ्या चाळींत पुराची मॉक ड्रिल चालली होती. मॉक ड्रिल म्हणजे संकटाची रंगीत तालीम. शिट्टी झाली की चौघांनी आधी मोरेतात्यांना शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायचं, असं ठरलं होतं. तात्या पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या बायकोला, काकूंना, ते एकटीनं उचलवत नाहीत. खरं पाणी आलं असतं, तर तात्या बुडाले असते.

मी शेजारच्या घरात डोकावले. टीम लीडर संतोष भावाबरोबर फ्रिज पलंगावर चढवत होता.

"संतोष, अरे, ड्रिल आहे ना?"

"मॅडम, सवय आहे. पाणी म्हटलं की आमच्यात आधी फ्रिज वर जातो."

काकू दारातून म्हणाल्या, "आता ह्यांना फ्रिजमध्येच बसवते. दोघं एकदम उचलले जातील."

आपत्ती व्यवस्थापनाच्या आमच्या ऑफिसात साहेबांनी रिपोर्ट वाचला. "पोरं बदला."

"पोरं चांगली आहेत, सर. त्यांची चाळ बदलू या."

हे मला पुस्तकातून सुचलं नव्हतं. माझे यजमान गेले, तेव्हा घरात मला साधा फोन लावायचंही सुचत नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंशी फारशी ओळख नव्हती. त्यांनीच सगळं शांतपणे निभावलं.

रस्त्याकडची चाळ उंचावर आहे, तिथे पाणी उशिरा चढतं. तिथल्या लोकांनी आधी नदीकडच्या चाळीतली माणसं काढायची, असं मी सुचवलं.

"आणि आमचं सामान?" रस्त्याकडच्या एकानं विचारलं.

"आमचं झालं की आम्ही येतो ना," संतोष म्हणाला. "फ्रिज उचलण्यात आमचा हात कोण धरणार?"

त्याच पावसाळ्यात नदी चाळीत शिरली. रस्त्याकडचे चौघे आले. जाड चादरीचे काठ गुंडाळून धरले, की तेच आमचं स्ट्रेचर. तात्या कोरडे वर पोचले. मग संतोषची माणसं रस्त्याकडच्या चाळीत गेली.

शाळेत चहा पिताना काकू तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "पोरं गुणाची आहेत हो. पण माझ्या फ्रिजकडे एकानं बघितलं नाही."

तेव्हापासून मी कुणालाही त्याचीच चाळ देत नाही. परक्याच्या घरात माणूस आधी दिसतो.