कात्रजच्या वाघासाठी विमानतळाजवळचं हॉटेल

पुण्यातल्या एकूण एक हॉटेलाबद्दल ठाम मत असलेला, पण त्यांतल्या एकाही हॉटेलात कधी पाठ न टेकलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसतो. मंडईच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथून वाघोलीला कॉलेजला यायला त्याला दोन बस बदलाव्या लागतात, आणि मधे जिथे बस रेंगाळेल तिथे उतरून तो एखाद्या हॉटेलात शिरतो. राहायला नव्हे, बघायला. काउंटरवरच्या माणसाला अतिशय अदबीनं विचारतो, "आपल्याकडे गरम पाणी येतं, की येईल असं सांगतात?" उत्तर काय मिळतं यापेक्षा ते किती वेळानं मिळतं हे तो वहीत लिहितो. वॉचमनच्या खुर्चीला पाठ असेल तर हॉटेल चांगलं, असा त्याचा सिद्धांत आहे. "जो मालक वॉचमनला टेकू देतो, तो आपल्यालाही नीट झोपू देतो," असं तो म्हणतो. वय वीस, पण बोलणं निवृत्त मुख्याध्यापकाचं. कँटीनच्या काकांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना 'आपण' म्हणतो. पहिल्या दिवशी तो मला "आपण इथे बसता का?" म्हणाला, तेव्हा माझ्या मागे कोणी सर उभे आहेत असं वाटून मी वळून पाहिलं होतं.

मी त्याच्यावर जळतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. पुण्यात दोन वर्षं काढूनही काचेचं दार ढकलायचं की ओढायचं या प्रश्नावर मी अजून थबकतो. तो मात्र कुठल्याही दारातून असा आत जातो, जणू आतल्या माणसांना त्यानंच नेमलंय. तरीही आमचं छान चाललं होतं. बिनसलं ते माझ्या घरचे पुण्याला यायचे ठरले तेव्हा.

माझे वडील, म्हणजे अण्णा, गवंडी आहेत. नगर रस्त्यानं तीन तासांवर आमचं गाव. आठ वर्षांच्या माझ्या बहिणीला वाघ बघायचा होता, त्यामुळे कात्रजचं प्राणिसंग्रहालय ठरलं. सोमवारी स्लॅब टाकून झाला की तो सुकेपर्यंत अण्णांना काम नसणार होतं, म्हणून मी बुधवार सुचवला. अण्णा फोनवर म्हणाले, "तू पुण्यात हायस, तूच बघ समदं." आजवर अण्णांनी माझ्यावर असं काही सोपवलेलं नव्हतं. ते वाक्य मी दिवसभर मनात घोळवत होतो. मला ते एकट्यानं, नीट करून दाखवायचं होतं. चूक एवढीच केली की आनंदाच्या भरात शेजारच्या बाकावर सांगून टाकलं.

त्यानं लगेच वही काढली. "विमानतळाजवळ," तो म्हणाला.

"अरे, वाघ कात्रजला आहे!" मी म्हणालो. "विमानतळ शहराच्या या टोकाला, कात्रज त्या टोकाला."

"वाघाला भेटायचंय. त्याच्याकडे मुक्कामाला जायचं नाहीये."

मी कात्रजच्या आसपासची दोन नावं सांगून पाहिली. एकाच्या वॉचमनला स्टूल होतं आणि दुसऱ्याला वॉचमनच नव्हता, असं तो वही न उघडता म्हणाला. मग म्हणाला की हॉटेल ठरवण्याआधी राहणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेच लागतात, आणि त्यानं माझ्याच फोनवरून माझ्याच अण्णांना फोन लावला. आपण उठता किती वाजता? अंघोळीला बादली लागते की फवारा चालतो? आणि खिडकीतून काय दिसायला हवं? तिसरा प्रश्न विचारून तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मधेच हसला. अण्णांचं माझ्याशी बोलणं दोन मिनिटांत आटोपतं. जेवलास का, अभ्यास हाय का, ठेवतो. त्याच्याशी ते सतरा मिनिटं बोलले. काय बोलले म्हणून विचारलं तर हे महाशय म्हणतात, "ते मी पाहुण्याच्या परवानगीशिवाय सांगत नाही." पाहुणे! माझे वडील!

मग आईचा फोन. आमच्याकडे हॉटेल म्हणजे स्टँडवरची भजी, चहा आणि समोरचं बाकडं. "हाटेलात झोपायचं कुटं रं? बाकड्यावर?" आईनं विचारलं. मी समजावायला म्हणून म्हणालो, "तसलं हॉटेल नाही गं, लॉजसारखं असतं." 'लॉज' या शब्दाला आमच्या गावात काय वास आहे हे मी विसरलोच होतो. आई म्हणाली, "आमी असल्या ठिकाणी येत नसतो." मी घामाघूम. शेजारून एक हात आला, फोन घेतला गेला. "काकू, नमस्कार. धर्मशाळा समजा, फक्त गादी बरी आहे. चटणी-भाकरी आणलीत तरी कोणी काही म्हणणार नाही, मी विचारलंय." आई तयार झाली. मला 'त्या पोराला नीट बोलता येतं' असंही सांगून झालं.

बुधवारी सकाळी ते नगर रस्त्यावर उतरले. हॉटेल गल्लीतलं, लहानसं, स्वच्छ. वॉचमनच्या खुर्चीला पाठ तर होतीच, वर उशीही होती. अण्णांनी खोलीत शिरताच बोटानं भिंत वाजवली, बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून उतार पाहिला आणि म्हणाले, "काम बरं हाय." माझ्या मित्रानं ते वहीत लिहून घेतलं आणि "हा मुद्दा माझ्याकडे नव्हता, काका," असं म्हणत उताराबद्दल इतके प्रश्न विचारले की अण्णा पलंगावर मांडी घालून त्याला शिकवायलाच बसले. मला त्यांनी कधी थापीलाही हात लावू दिला नव्हता. तू शिक, म्हणायचे. मी दारात पिशव्या धरून उभा. बहीण त्याला दादा म्हणू लागली. मला ती 'ए' म्हणते.

आम्ही अख्खं पुणं ओलांडून कात्रजला पोचलो. फाटक बंद. फाटकावर पाटी: बुधवारी बंद.

मला ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचूनही कळेनात. वार मी ठरवला होता. या सगळ्या बेतातली माझी स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. आईनं पदरानं कपाळ पुसलं. बहीण म्हणाली, "वाघाला पण सुट्टी असती?"

"असते," माझा मित्र म्हणाला. "रोज रोज माणसं बघून त्यालाही कंटाळा येतो." मग अण्णांकडे वळून, मान खाली घालून म्हणाला, "काका, चूक माझी. वाराची चौकशी माझ्याकडे होती. मी विसरलो."

अण्णा फाटकाच्या खांबाचं दगडकाम बघत राहिले. मला एवढंच म्हणायचं होतं की 'नाही, चूक माझी आहे.' ते जमलं नाही. परतताना बसमध्ये तो आईला कुठल्या हॉटेलात उशीचा अभ्रा कसा असतो ते सांगत होता, आणि मी खिडकीकडे तोंड करून त्याच्यावर जळत होतो. माणसानं माझी चूकसुद्धा माझ्यापेक्षा चांगली निभावून न्यावी, म्हणजे काय!

आम्हाला हॉटेलवर सोडून तो घरी गेला. ऊन उतरलं होतं. अण्णा खुर्ची ओढून खिडकीशी बसले. खिडकीतून एक पत्र्याची शेड, पाण्याच्या टाक्या आणि मोकळं आकाश दिसत होतं. काय बघताहेत ते मला कळेना. एवढ्यात काच थरथरली आणि टाक्यांच्या वरून एक विमान उतरत गेलं, इतकं खाली की त्याची चाकं मोजता यावीत. अण्णा उभेच राहिले. ते दिसेनासं झाल्यावर म्हणाले, "त्यानं इचारलं, खिडकीतनं काय दिसाय पायजे. म्या म्हनलं, इमान. तू फोनवर 'थांबा, विमान जाऊ द्या' म्हनतोस की नाय, तवा म्या ऐकत असतो."

मला वाटायचं, अण्णा तेव्हा वैतागून गप्प होतात. दोन वर्षं रोज वाघोलीतल्या माझ्या खोलीवरून विमानं गेली आणि मी फोन हातानं झाकत राहिलो, का तर अण्णांना आवाजाचा त्रास नको.

त्यानंतर तीन विमानं आली. तिसरं गेल्यावर मी कसंबसं म्हणालो, "अण्णा, बुधवार मी ठरवला होता. त्याची चूक नव्हती."

"ठावं हाय," अण्णा आकाशावरची नजर न काढता म्हणाले. "फोन तूच केलता की." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. त्याला इचारलंस का कदी, त्याच्या खिडकीतनं काय दिसाय पायजे?"

गुरुवारी आम्ही वाघ पाहिला. तो झोपला होता. बहिणीनं तो श्वास घेतो की नाही याची खात्री होईपर्यंत पाहिलं. शुक्रवारी कॉलेजात मी आधी त्याची माफी मागितली. "कशाबद्दल?" तो म्हणाला. "पाहुणे नाराज होऊन गेले नाहीत, विषय संपला." मग मी त्याला तिसरा प्रश्न विचारला. मंडईमागच्या त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो. तिथे एकच खिडकी आहे आणि ती हातभर अंतरावरच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडते.

ज्याच्याकडे पुण्यातल्या प्रत्येक खिडकीची नोंद आहे, त्यानं वही उघडली आणि मिटली. चष्मा काढून पुसला. "मला हे अजून कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "विचार करून सांगतो." आणि गडबडीत पहिल्यांदाच 'आपल्याला' ऐवजी म्हणून गेला, "तुला."

याला दोन महिने होत आले. अजून त्यानं सांगितलेलं नाही. मी अजूनही त्याच्यावर जळतो, पण पूर्वीइतकं मन लावून जमत नाही. आता फोनवर बोलताना विमान आलं की मी बोलणं थांबवून हात खिडकीबाहेर काढतो आणि फोन आकाशाकडे धरतो. आवाज विरल्यावर कानाशी आणतो, तेव्हा अण्णा म्हणतात, "गेलं. आता बोल." आणि माझं जेवण, माझा अभ्यास विचारायच्या आधी विचारतात, "त्याचं काय ठरलं रं?"

"अजून विचार करतोय, अण्णा," मी सांगतो.