पिंडीवरचं ऊन

आमच्या गावच्या शेकडो वर्षं जुन्या देवळातला चमत्कार मी एका दुपारी, यादी करून, बंद पाडला.

गाव म्हणजे माझं सासर, कवठे येमाईच्या अलीकडचं. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी दौंडची, कॉलेजचं एकच वर्ष होऊन लग्न झालेली. पुढं शिकायचं होतं. शिरूरला कॉलेज होतं, एसटी दारावरून जायची, नवराही शिक म्हणत होता. अडचण एकच, सासरे. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आणि कशालाही ते ‘बघू’ म्हणायचे. त्या एका ‘बघू’वर मी दीड वर्ष काढलं होतं.

घरासमोर रस्ता ओलांडला की महादेवाचं हेमाडपंती देऊळ. चुन्याचा थेंब न वापरता दगडावर दगड बसवलेला, कळस कधीच पडलेला, गाभारा चार पायऱ्या खाली. दिवाळीनंतर एके सकाळी सासूबाई पिंडीला पाणी घालायला गेल्या आणि रिकामा तांब्या तिथंच टाकून परत आल्या. पिंडीवर ऊन पडलं होतं. जन्मात कधी पडलं नव्हतं. (त्यांच्या जन्मात. महादेवाचं मला माहीत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी वही आणि घड्याळ घेऊन हजर. साडेसातच्या सुमारास एक पिवळी पट्टी पायऱ्या उतरून आली, पिंडीवर टेकली आणि नऊ मिनिटांनी निघून गेली. अकरा दिवस मी नोंदी घेतल्या. ठरावीक दिवशी मूर्तीवर सूर्यकिरण पडावेत अशी देवळं आपले जुने शिल्पी बांधत, हे कॉलेजात ऐकलं होतं. आता आमच्या देवळाचं दार होतं पश्चिमेला, आणि सकाळचा सूर्य पूर्वेला असतो हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टी आड येऊ दिल्या तर संशोधन व्हायचं कसं! मी चौदा मुद्द्यांचं टिपण लिहिलं. मंडपाचे खांब घासून आरशासारखे केलेले, ऊन कुठल्याशा फटीतून खांबावर, खांबावरून पिंडीवर. प्राचीन विज्ञान!

दाराकडे वळून ऊन नेमकं येतंय कुठून हे कुणीच पाहिलं नाही, मीही नाही. आमच्याकडे देवाला पाठ दाखवत नाहीत. आत गेलेला माणूस बाहेरही उलट्या पावलांनी येतो, उंबऱ्याला टाच ठेचकाळून घेतो, पण मागं वळत नाही.

मी पुण्याच्या एका प्राध्यापकांना पोस्टकार्ड टाकलं. मंदिरस्थापत्याचे ते जाणकार. येतो म्हणून त्यांचं उलट कार्ड आलं तेव्हा आबांनी पहिल्यांदाच ‘बघू’च्या पुढं मजल मारली.

“सायेब व्हय म्हनला तर तू कॉलेजात जा,” ते म्हणाले. “न्हाई म्हनला तर ती वही चुलीत.”

मग काय, मी तयारीची यादी केली. बावीस कलमं. उकिरडा हलवणे. मंडपाच्या खांबांवरचा पोपटी ऑइलपेंट खरवडणे. (आरशासारखे खांब म्हणजे हेच, रंग आबांनीच दिला होता.) कलम सतरा: देवळासमोरच्या विद्रूप वस्तू काढणे. विद्रूप वस्तू एकच होती, आमचा गोठा. आबांनी दिवाळीत गोडेतेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून, सपाट करून त्यांची नवीकोरी भिंत गोठ्याला लावली होती.

“पत्रं कशापायी काढायचं? म्हशीला थंडी वाजंल,” आबा म्हणाले.

मी समजावलं की आबा, एवढे मोठे सर पुण्याहून येणार, त्यांनी देवळाच्या दारातून बाहेर पाहिलं तर तेलाचे डबे दिसणं बरं नव्हे.  आबांनी स्वतः एकेक खिळा उपटला, सरळ केला आणि खिशात टाकला. म्हशीला सासूबाईंनी आपली जुनी वाकळ पांघरली.

सर रात्रीच्या एसटीनं मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मधली वाट सोडली तर मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. साडेसात झाले. पावणेआठ झाले. पिंडी अंधारात. वेळ काढायला मी टिपण वाचायला घेतलं. नवव्या मुद्द्यावर सरांनी हळूच विचारलं, “दार कुठल्या दिशेला आहे म्हणालात?”

“पश्चिमेला.” हे म्हणताना माझा आवाज आठव्या मुद्द्याइतका खणखणीत राहिला नाही.

सर उठले आणि चक्क पिंडीकडे पाठ करून उभे राहिले. सासूबाईंनी कानाला हात लावले. सर बराच वेळ बाहेर बघत होते.

“समोर त्या गोठ्याला काही होतं का?”

“काल दुपारपतोर पत्रं हुतं,” आबा म्हणाले.

“चकचकीत?”

“नवंच की.”

सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. आबा मात्र उठले, तरातरा बाहेर गेले, गोठ्याशी उभं राहून त्यांनी एक पत्रा छातीशी धरला आणि इकडं तिकडं कलता केला. खाली पिंडीवर ते पिवळं ऊन आलं. हलत होतं, कारण पत्रा आबांच्या हातात होता. लोकांनी तरीही हात जोडले. आज इतक्या वर्षांनी डोळे मिटले की ते ऊन मला दिसतं, आणि घाम फुटतो.

सर दहाच्या एसटीनं गेले. त्यांना गाडीत बसवून आबा आले तेव्हा मी चुलीपुढं होते, वही मांडीवर.

“ती ठिव खाली,” आबा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता सासूबाईंना म्हणाले, “सायबाला इच्यारलं म्या, आमची सून कितपत शिकल्याली वाटती. त्ये म्हनलं, अर्धवट. आगं, आर्धं शिकून हिनं देव, गाव आन् म्हस, तिगांची झोप उडवली. हिला पुरी करून आनाय पायजे. आसं आर्धं घरात ठिवनं धोक्याचं हाय.”

जूनमध्ये मी शिरूरच्या कॉलेजात नाव घातलं. वर्गातल्या बाकीच्या मुलींना घरच्यांनी हुशार म्हणून पाठवलं होतं. मला खबरदारीचा उपाय म्हणून.