वर पोचलास का कुकारा दे

ऐंशीच्या दशकातला एक जानेवारी. रविवारी पहाटे मुलुंड स्टेशनबाहेर मी सॅक घेऊन उभा होतो आणि कोणीच आलं नव्हतं...

येणार होते तिघं. विक्रोळीच्या कारखान्यात आम्ही एकाच डिपार्टमेंटला, दर थंडीत एक घाट चढायचा हा आमचा नेम. पण एकाचं नुकतंच लग्न झालेलं, दुसऱ्याला मुलगी झालेली, आणि तिसरा झोपला असणार. आमच्यातला चौथा, सुहास, दोन महिन्यांपूर्वीच मस्कतला गेला होता. त्याची वाट बघण्यात काही अर्थ नव्हता, तरी बघितली.

आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. चाळीतल्या खोलीला कुलूप लावणारा मीच आणि उघडणाराही मीच. परत जाऊन रविवारभर करायचं काय, म्हणून एकटाच निघालो. कल्याणहून एसटी पकडली आणि माळशेजच्या रस्त्यावर नाणेघाटाच्या फाट्याला उतरलो.

सुहास शिकलेला भूगर्भशास्त्र, नोकरी मात्र स्टोअर्समध्ये. कडा दिसला की सगळ्यांना थांबवून सांगायचा, हा खालचा लाव्हाचा एक थर, मग तो थंड झाला, मग त्यावर हा दुसरा... आम्ही त्याची भरपूर टिंगल करायचो. त्या दिवशी काळा कडा समोर उभा होता, थर एकावर एक स्वच्छ दिसत होते, आणि दाखवायला शेजारी कोणी नव्हतं.

जंगल संपून खडी चढण सुरू होते तिथे एक झोपडं लागलं. गुरं राखणारं म्हातारं जोडपं होतं. मावशींनी पाणी दिलं, वर ताकही दिलं. बाबा डोक्याला पांढरा फेटा गुंडाळून बसले होते आणि गुडघ्याला तेल चोळत होते.

एकटाच आलास का, हे मावशींनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं.

निघताना त्या म्हणाल्या, "वर पोचलास का कुकारा दे. नाय आला, तर ह्यांना बघाया धाडावं लागंल."

कुकारा म्हणजे तोंडाशी हात धरून घातलेली लांबलचक कूऽऽ. तिकडे एकटा माणूस घाट चढला की वरून कुकारा देतो, खालचा उत्तर देतो, झालं. मीही हो हो म्हणून मान डोलावली... मुंबईकराचं हो हो.

दीड तास चढत होतो. बरोबर गप्पा मारायला कोणी नसलं की दम जास्त लागतो. शेवटी दोन्ही बाजूंनी उभे कातळ आणि मधून घोंघावणारा वारा, अशा त्या खिंडीतून वर निघालो.

वर कुठल्याशा कॉलेजचा ग्रुप डबे उघडून बसला होता, हसणं-खिदळणं चालू होतं. त्यांच्यासमोर दरीकडे तोंड करून कू ओरडायची मला लाज वाटली. जाऊ दे, आपली कोण वाट बघतंय, असं मनात म्हटलं आणि घाटघरच्या दिशेने चालू लागलो. तिथून जुन्नरची एसटी गाठायची होती.

पाऊण तासाने ब्रेड-जॅम खायला बसलो. बूट चावत होता, म्हणून तो काढून टाच चोळायला लागलो... आणि हात तिथेच थांबला. बाबांचा तेल लावलेला गुडघा डोळ्यांसमोर आला. त्या म्हातारीने मला अगदी स्पष्ट सांगितलं होतं की कुकारा आला नाही तर ती कोणाला वर पाठवणार आहे.

ब्रेड तसाच सॅकमध्ये कोंबला, बूट चढवला आणि उलटा धावत सुटलो. एसटी चुकणार हे दिसत होतंच.

कड्यावर पोचून खाली पाहिलं. झोपडं दिसत होतं. आणि त्याच्या बऱ्याच वर, चढणीच्या वाटेवर एक पांढरा ठिपका... चार पावलं चालायचा, थांबायचा, पुन्हा चार पावलं.

पहिला कुकारा घशातच फाटला. दुसरा मात्र असा निघाला की पत्ते खेळणारी ती कॉलेजची पोरं माना वळवून बघायला लागली. खाली ठिपका थांबला. मग त्याचा कुकारा आला, आणि थोड्या वेळाने आणखी खालून, झोपड्याकडून एक बारीक आवाज... मावशींचा.

ठिपका वळला आणि सावकाश उतरायला लागला. मी कातळावर बसून रडलो. आई गेल्यावरही इतका रडलो नव्हतो.

एसटी अर्थातच चुकली. सोमवारी दुपारी मुलुंडला पोचलो, कामावर खाडा झाला होता. खोलीच्या कुलपात किल्ली घातली, पण फिरवली नाही. शेजारच्या परबकाकूंच्या दारात गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काकू, आलो मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरा... पण गेल्लंस खंय?"

मी दोन दिवस नव्हतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं... मी तरी कुठे कोणाला सांगून गेलो होतो? मग त्यांच्या उंबऱ्यावर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत त्यांनी चहा टाकला होता.

त्या मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण तेव्हापासून कुठेही पोचलो की मी कोणाला तरी कळवतो. आपली कोणी वाट बघत नाही, हे परस्पर ठरवून टाकणं मी त्या दिवशी सोडलं.