भिंतीमागचा जिना

वडिलांचे दिवस करून मी पुण्याहून सिंगापूरला परतले आणि दुसऱ्याच दिवशी आंग मो किओतल्या ऑफिसात जाऊन बसले. जुन्या इमारतींचे नकाशे काढायचं आमचं काम. साहेब म्हणाले, "आणखी चार दिवस घे." मी नको म्हटलं. रडूही येत नव्हतं. घरी बसून करणार काय?

माझ्याकडे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या घराच्या नकाशाचं काम आलं. पुढच्या खोलीत पूर्वी किराणा दुकान होतं. घर मी पाहिलेलं नव्हतं. तिथल्या माणसाने घेतलेली मापं आणि फोटो, एवढंच. रस्त्यावरून ते विटांचं दिसे, पण आतला सांगाडा ओकच्या जाड लाकडांचा, कितीतरी जुना. विटा नंतर पुढून लावलेल्या. दुकानाची बाहेर आलेली खिडकी तर त्याहून अलीकडची.

नकाशा मात्र जुळेना. दुकान आणि स्वयंपाकघराच्या मधे तीन फूट उरत होते. मी घरमालकीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. सत्तरी ओलांडलेल्या बाई, जन्म त्याच घरातला.

"तिथे फळ्यांची भिंत आहे नुसती," त्या म्हणाल्या.

"भिंत इतकी जाड नसते. मागे काहीतरी आहे."

आठवड्याने त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. सुताराने फळ्या काढल्या होत्या. मागे अरुंद, उभा जिना होता, पायऱ्या मधोमध झिजलेल्या.

"दुकान बंद करून वडील इथूनच वर यायचे," त्या म्हणाल्या. "मी पाच वर्षांची असताना ते गेले. आईने हे कधी बुजवलं, कळलंच नाही. मला वाटायचं, हा जिना मी मनानेच रचलाय." आणि त्या रडायला लागल्या.

मी म्हटलं, "पायऱ्यांची उंची मोजून सांगाल का?"

त्यांनी डोळे पुसले. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"माझे वडील गेले. महिना होईल आता."

त्यांनी सुताराकडून टेप घेतली आणि खालच्या पायरीवर बसल्या. "सावकाश करू या," म्हणाल्या.

त्या आकडे सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बारा पायऱ्या, एकही दुसरीसारखी नाही.

संध्याकाळी बेडोकला घरी पोचले. नवऱ्याने विचारलं, "आज काय केलंस?"

"एक जिना," मी म्हटलं. त्याने ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी बसून राहिला.