लोहाराला विचारून घेतलेली मोटार

मी लिहिणं धाडसाचंच. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, चुकल्यास माफ करावं.

त्या मोटारवाल्याचं नाव आता मला आठवत नाही. इराणपर्यंत न्यायला मोटार निवडायची म्हणून दोन जुन्या गाड्या त्याने चाकणला आमच्या भात्यापुढे आणवल्या आणि पांढऱ्या विजारीनिशी तो माझ्या वडिलांशेजारी, आबांशेजारी, मातीत बसला.

"वाटेत गॅरेज नसतं, मिस्त्री, लोहार असतो. कुठली घेऊ?"

आबा दोन्हींखाली शिरून आले. "काळी घ्या. हिचा स्प्रिंगचा पाटा मी घडवीन. दुसरीचं मला उमगत न्हाई, राव."

त्याने काळीच घेतली, पाटाही घडवून घेतला. मी आबांना कधी काही विचारलं नव्हतं. मी जळलो.

वर्षाने त्याचं पत्र आलं: मोटार पोचली, पाटा शाबूत. आबांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. माझ्या शिक्षणाने त्यांना दिलेला पहिला आनंद, तोही त्याचाच.