नलूची तीन वर्षांची तालीम

रोहण्याच्या रूपरावचा प्रेमदास पुलगावच्या कॉलेजात गॅदरिंगला नायिका झाला. प्राचार्य प्रभाकरराव स्टेजवर चढून गहिवरले, "खऱ्या बाईला जमणार नाही असं लाजणं!"

सोमवारी तीच नायिका साडी नेसून वर्गात येऊन बसली आणि लाजायची पाळी सरांवर आली.

"अरे, नाटक संपलं ना परवाच!"

"माह्यंबी संपलं सर. पॅन्ट-शर्टातलं. आता मले नलू म्हणजा."

नलूला वर्गाबाहेर काढलं. तिच्यामागोमाग धुरपता उठली. दांडगी पोरगी, तिने सगळ्या मुली पायऱ्यांवर आणून बसवल्या. "नलूले आत घ्या, नाई तं आमालेबी काढा!"

आता आली का पंचाईत! आमच्याकडे मुली किती शिकतात, यावर सर नुकतेच गावोगाव भाषणं ठोकून आले होते. शेवटी फळ्यावर नोटीस लागली : पुढच्या नाटकाच्या तालमीनिमित्त सदर विद्यार्थ्यास प्रयोग होईपर्यंत साडीची परवानगी. नीतीही वाचली, मुलीही वाचल्या.

म्हणजे नलूला शिकायचं तर नाटक होता कामा नये. कॉलेजातल्या पोरापोरींनीही त्यासाठी कंबर कसली. पहिल्या वर्षी नायकाला गालगुंड झालं. दुसऱ्या वर्षी पडदा उंदरांनी खाल्ला. त्या उंदरांना धुरपता ओळखत होती म्हणतात.

"बसलं का नाटक?" सर विचारत.

"कुठलं सर!" नलू म्हणे. "दुसरा अंक लय अडून राह्यला."

असं करत बीएची शेवटची परीक्षा आली, एकोणऐंशी साली. बाहेरून आलेले पर्यवेक्षक दारात आडवे आले. "प्रेमदास नाव, न् हे काय सोंग?"

प्रभाकरराव धावले. "सांग ना बेटा, तालीम आहे म्हणून!"

एवढं म्हटलं की पेपर मिळणार होता. नाही तर तीन वर्षं पाण्यात.

"तालीम नाई सर. मी अशीच आहो. वर्गात तुमीच शिकवलं मले, तीन वर्षं."

पर्यवेक्षक प्रभाकररावांकडे वळले. "काय हो, विद्यार्थी तुमचाच ना?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं. पायऱ्यांवर धुरपताने बसकण मारलेली होती, पेपर सोडून. तिच्यामागे आणखी तिघी खाली टेकत होत्या.

"तुमचा नाही, तुमची म्हणा," सर पुटपुटले. मग घसा खाकरून मोठ्याने, "विद्यार्थिनी आहे आमची. पेपर द्या तिला. उशीर होतोय."